लातूरला रिपीटर बॅचला येताय? इथला दिवस कसा जातो ते सविस्तर

मांजरा_काठ (धागाकर्ती)

नीटचा, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की उद्योग भवन परिसरातल्या ट्यूशन एरियात गाद्या, बादल्या, पेट्या आणि आई-वडिलांना सोबत घेऊन आलेल्या मुलांची रीघ लागते. खोली बघायची, मेस बघायची, फी किती हप्त्यांत भरायची ते ठरवायचं, आणि संध्याकाळच्या गाडीने आई-वडील गावाला परत. मीही त्याच रांगेतून गेले. एक वर्ष रिपीट केलं, म्हणजे बारावीनंतर पुन्हा नीटचीच तयारी केली, आता अंबाजोगाईला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे.

ओळखीपाळखीतून सारखे फोन येतात आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: क्लास कोणता लावू? मी क्लासचं नाव कुणालाच सांगत नाही, इथेही सांगणार नाही. शिकवणारे बहुतेक ठिकाणी चांगलेच आहेत. वर्ष ठरतं ते क्लास सुटल्यानंतर हातात उरणाऱ्या तासांत, आणि त्या तासांबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा.

आमचा दिवस साधारण असा असायचा. पहाटे साडेपाचला उठायचं, कारण मजल्यावर बाथरूम दोन आणि मुली बऱ्याच. पावणेसातला क्लासमध्ये जागा धरायची. दुपारपर्यंत सलग तास, मध्ये वीस-पंचवीस मिनिटांची सुट्टी. तेवढ्यात गाड्यावर जाऊन सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) नाहीतर पोहे आणि चहा. नाश्ता टाळून चालत नाही. अकराच्या फिजिक्सच्या तासाला डोळे मिटायला लागतात ते बहुतेक वेळा पोट रिकामं असल्यामुळे. एकच्या सुमारास मेस, मग अर्धा तास झोप. ही अर्ध्या तासाची झोप मी कुणाचंही ऐकून सोडली नाही. तीन ते सहा अभ्यासिकेत, सहानंतर शंका विचारायला डाउट काउंटर, साडेसातला जेवण, मग सकाळी जे शिकवलं तेच पुन्हा. अकराला दिवा बंद.

'सोळा तास अभ्यास' वगैरे पोस्टर लावलेल्या खोल्या मी पाहिल्या आहेत. त्या खोल्यांतली मुलं डिसेंबरपर्यंत आजारी पडतात. लातूरचा थंडीचा महिना-दीड महिना हा अभ्यासाचा सगळ्यात चांगला काळ, आणि तोच सर्दी-तापात जातो. झोप कापून मिळवलेले दोन तास पुढे दोन दिवस घेऊन जातात.

आता मुख्य मुद्दा: टेस्ट. आमची टेस्ट रविवारी दोन ते पाच व्हायची, म्हणजे खऱ्या नीटच्याच वेळेला. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० मार्क. बायोलॉजीचे ९०, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ४५-४५. बरोबर उत्तराला चार, चुकलं की वजा एक. मार्क लागले की नोटीस बोर्डापुढे गर्दी होते. रँक बघितली जाते, कुणी हसतं, कुणी रडतं, आणि प्रश्नपत्रिका बॅगेत जाते ती कायमची. माझ्या मते पूर्ण वर्षाचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं.

आमच्या मजल्यावरच्या एका ताईने मला एक वही करायला लावली. चुकलेला आणि सोडलेला प्रत्येक प्रश्न त्या वहीत उतरायचा आणि समोर तीनपैकी एक खूण करायची. पहिली खूण: हे माहीतच नव्हतं. दुसरी: वाचलं होतं, पण ऐनवेळी आठवलं नाही. तिसरी: येत होतं, पण वाचण्यात, आकडेमोडीत किंवा गोल काळा करण्यात गेलं.

उदाहरण देते. किडनीच्या धड्यात हेन्लेच्या लूपबद्दल (किडनीतल्या सूक्ष्म नळीचं वळण) एनसीईआरटीच्या पुस्तकात दोन ओळी आहेत: उतरत्या भागातून पाणी जातं, चढत्या भागातून जात नाही. आणि मेड्युलात, म्हणजे किडनीच्या आतल्या भागात, आत जाऊ तसं विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण ३०० वरून १२०० मिलिऑस्मोलपर्यंत वाढतं. प्रश्नात 'चढता' आणि 'उतरता' यांची अदलाबदल करून चार विधानं येतात आणि 'चुकीचं विधान कोणतं' असं विचारतात. इथे चुकणाऱ्या तीन मुलांची तीन कारणं असतात. एकाने धडाच वाचलेला नाही. दुसऱ्याला दोन भागांत गोंधळ झाला. तिसऱ्याने 'चुकीचं' हा शब्दच वाचला नाही आणि पहिलं बरोबर विधान दिसताच गोल काळा केला. तिघांचेही पाचच मार्क जातात, पण उपाय तीन वेगळे. पहिल्याने धडा वाचायचा. दुसऱ्याने आकृती न बघता काढायची. तिसऱ्याने धडा पुन्हा वाचला तर वेळ वाया, त्याने 'चुकीचं', 'वगळता', 'नाही' अशा शब्दांभोवती पेनाने गोल करायची सवय लावायची.

ही वही सोमवारी संध्याकाळपर्यंत पूर्ण झाली पाहिजे, मंगळवारी नवा धडा डोक्यावर येतो. दोन-तीन महिन्यांनी वही चाळली की आपलं दुखणं कुठे आहे ते स्वतःलाच दिसतं. माझ्या वहीत दिवाळीपर्यंत तिसरी खूण सगळ्यात जास्त होती, म्हणजे मला नवीन पुस्तकांची गरजच नव्हती.

राहणं, जेवण, पैसे, एकटेपणा, काहीही विचारा. माहीत असेल ते सांगेन.

सोयाबीनवाला

ताई, मी निलंगा तालुक्यातला शेतकरी. लेकीला यंदा थोडक्यासाठी सरकारी सीट हुकली, तिला तिकडं ठेवायचं ठरवलंय. तुम्ही लिहिलेलं तिलाबी वाचून दाखवलं. मला एक सांगा, आम्ही रोज रात्री फोन करतो तेव्हा बोलायचं काय? मार्क विचारले की लेकरू गप होतंय. नाही विचारले तर म्हणतंय, तुम्हाला काही पडलंच नाही.

मांजरा_काठ

काका, मार्क रविवारीच विचारू नका. तेव्हा सगळं ताजं असतं. मंगळवारी विचारा, आणि असं विचारा: "वही झाली का? या वेळी कशामुळं गेले?" तेव्हा तिच्याकडे सांगायला काहीतरी असतं. बाकीच्या दिवशी जेवलीस का, झोप झाली का, आणि घरातल्या बातम्या. माझे बाबा मला पाऊस किती झाला, कोणती म्हैस व्याली, हे सांगायचे. दिवसभर नुसतं झायलम-फ्लोएम ऐकल्यावर ते ऐकायला इतकं बरं वाटायचं की मी त्या फोनची वाट बघायचे. फक्त एक करा, पिकाचं नुकसान झालं असेल तर ते फीच्या हिशोबाला जोडून सांगू नका. मुलींना ते न सांगताही कळत असतं.

फिजिक्सचा_मास्तर

धागा चांगला आहे. मी बरीच वर्षं रिपीटर बॅचला शिकवतो, म्हणून निगेटिव्ह मार्किंगबद्दल थोडं लिहितो. मुलांच्या मनात त्याची भलतीच भीती असते.

साधं गणित करा. चार पर्यायांपैकी काहीच माहीत नाही आणि डोळे मिटून एक निवडला, तर चारांतून एकदा चार मार्क मिळणार आणि तीनदा एकेक जाणार. म्हणजे सरासरी पाव मार्काचा फायदाच. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर हाच फायदा सरासरी दीड मार्कावर जातो. म्हणून दोन पर्यायांवर आलेला प्रश्न सोडू नये, हे मी वर्गात ठणकावून सांगतो.

पण काहीच माहीत नसताना ठोकून द्या असं मी सांगत नाही, कारण मुलांचा तुक्का खऱ्या अर्थाने आंधळा नसतो. सेंटिमीटरचं मीटर करायला विसरलं की जे उत्तर येतं, ते पर्यायांत मुद्दाम ठेवलेलं असतं. त्रिज्येऐवजी व्यास घातला की येणारं उत्तरही असतं. अर्धवट माहितीवर हात नेमका त्याच पर्यायावर जातो, आणि मग पाव मार्काचं गणित कोलमडतं. त्यामुळे प्रत्येकाने आपल्या टेस्टमध्ये तुक्क्याच्या प्रश्नांवर बारीक टिंब करावं आणि नंतर मोजावं, आपले तुक्के खरोखर किती लागतात ते. मांजरा_काठ यांच्या वहीत ही चौथी खूण घालायला हरकत नाही.

आणि ४ मे २०२५ चा फिजिक्सचा पेपर ज्यांनी पाहिला त्यांना माहीत आहे, तिथे सगळे प्रश्न सोडवण्याचा हट्ट धरणारी मुलं अडकली. अवघड प्रश्न ओळखून मागे ठेवणं याचाही सराव लागतो. फिजिक्सला तासभर मिळायचा असेल तर बायोलॉजी पन्नास मिनिटांच्या आत हातावेगळी झाली पाहिजे.

चिपळूणची_आई

एक वेगळं मत मांडते, राग नसावा. माझ्या मुलाने घरी राहून तयारी केली. ऑनलाइन तास, घरचं जेवण, स्वतःची खोली. त्यालाही सीट मिळाली. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला दहा बाय दहाच्या खोलीत तिघांबरोबर ठेवायचं, ते पाणी, ती मेस, याची खरंच गरज आहे का? लातूरला गेल्याशिवाय डॉक्टर होता येत नाही असं वातावरण झालं आहे, ते मला पटत नाही.

मांजरा_काठ

राग कसला, तुमचं बरोबर आहे. ज्याला घरी स्वतंत्र खोली आहे, नेट आहे आणि वेळेवर उठवायला माणूस आहे त्याने घरीच राहावं. माझ्या घरी पत्र्याखाली दोन खोल्या, दुपारी वीज जायची आणि पाहुणे रोज. मला इथे अभ्यासिकेतली एक खुर्ची मिळाली हेच मोठं होतं. त्याहून मोठं म्हणजे आजूबाजूला शंभर जण तेच करत होते. गावात मी एकटीच 'अजून शिकणारी' होते.

२०१६_बॅच

मी बारावीला लातूरला होतो ते वर्ष कुणी विसरणार नाही. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. खोलीमालकाने अंघोळ एक दिवसाआड केली होती आणि अर्धी मुलं गावाला निघून गेली.

त्यातच परीक्षेचा घोळ. आम्ही दोन वर्षं एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा धरून अभ्यास केला आणि २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने नीट याच वर्षी घ्या म्हणून सांगितलं. ५ मे रोजी सीईटी दिली, पण ती धरणार की नाही हेच माहीत नव्हतं. महिनाअखेरीला अध्यादेश आला आणि राज्याच्या सरकारी जागा सीईटीवरच भरल्या गेल्या, तेव्हा कुठे जीवात जीव आला. ते पंधरा-वीस दिवस आमच्या सरांनी एकच केलं: रोज सकाळी सात वाजता नेहमीसारखा पेपर हातात दिला. निर्णय काय यायचा तो येईल, तुम्ही १२ वाजेपर्यंत हा पेपर सोडवा.

लातूर पॅटर्न लातूर पॅटर्न म्हणतात त्यातलं माझ्या हाती जे लागलं ते हेच. अभ्यासक्रम लवकर संपवायचा आणि मग पेपरमागून पेपर. बारावीच्या मार्कांवर मेडिकलला प्रवेश मिळायचा तेव्हापासून शाहू आणि दयानंद कॉलेजच्या प्राध्यापकांनी ही पद्धत बसवली, तेही इमारतींवर मोठमोठे फोटो लागायच्या आधी. आता जाहिरातींचा पूर आला असला तरी मूळ गोष्ट तीच आहे.

मेसवाल्या_काकू

माझी मेस आहे, सिग्नल कॅम्पच्या बाजूला. एवढी लेकरं जेवून जातात की तोंडावरून मला कळतं टेस्ट कशी गेली. रविवारी संध्याकाळी ताटं अर्धी परत येतात म्हणून मी रविवारी मुद्दाम काहीतरी गोड करते.

आई-बापांना सांगते, मेस बघताना नुसती चव बघू नका. पाणी कुठलं आहे ते विचारा, उन्हाळ्यात टँकर येतो का ते विचारा. स्वयंपाकघरात जाऊन या, ज्याच्या मनात काही नाही तो अडवणार नाही. ज्वारीची भाकरी मिळते का बघा, आपल्याकडच्या लेकरांना रोज दोन वेळा मैद्याचं आणि तेलकट सोसत नाही. आणि घरून शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू पाठवत जा. रात्री दहाला भूक लागते तेव्हा ही पोरं कोरडे नूडल्स खातात आणि सकाळी पोट धरून बसतात.

मार्च-एप्रिलमध्ये इथे ऊन चाळिशीच्या वर जातं. लेकरू जेवत नाही म्हटलं की मी फोन लावते त्याच्या घरी. सगळ्या मेसवाल्यांनी लावावा.

मांजरा_काठ

काकू, तुमच्यासारखी मेस मिळाली तर अर्धी लढाई जिंकली. मला एका वसतिगृहाने सोडताना डिपॉझिट परत दिलं नाही. पावतीच घेतलेली नव्हती असं सांगणारी मुलं तर कितीतरी भेटली. तेव्हा सगळ्यांना विनंती: डिपॉझिटची पावती, आणि खोली घेतेवेळी भिंतींचे, नळांचे, पंख्यांचे फोटो काढून ठेवा.

खाडगाव_रोड

मी सध्या इथेच आहे, माझं दुसरं रिपीट. नाव लिहीत नाही. सगळ्यांचं वाचलं. मला वही वगैरे सगळं कळतं, पण गेल्या काही आठवड्यांपासून पुस्तक उघडलं की छाती धडधडते. माझ्यासोबतचे पुढच्या वर्षाला गेले. भाऊबीजेला घरी गेलो नाही, कारण सगळे विचारतील. रात्री झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही.

मांजरा_काठ

दादा, लिहिलंस ते फार बरं केलंस. अभ्यासाचं नंतर बोलू.

आधी दोन गोष्टी आजच कर. घरातल्या ज्या एका माणसाशी तुला बोलता येतं, बहीण, मामा, कुणीही, त्याला फोन कर आणि इथे लिहिलंस तेच शब्द वाचून दाखव. दुसरं, १४४१६ हा सरकारचा मानसिक आरोग्याच्या मदतीचा टेली-मानस क्रमांक आहे, रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. छाती धडधडणं, झोप न लागणं हे डॉक्टरला दाखवायचं दुखणं आहे आणि त्यावर उपचार आहेत. जवळच विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचं रुग्णालय आहे, तिथल्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीत केसपेपर काढून सरळ जा. सोबत कुणी हवं असेल तर मला निरोप पाठव, लातूरला असलेल्या माझ्या मैत्रिणी येतील. आणि मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर थांबू नकोस, आत्ता, याच मिनिटाला शेजारच्या खोलीतल्या मुलाला उठव.

फिजिक्सचा_मास्तर

मांजरा_काठ यांनी सांगितलं ते आधी कर. मग माझंही ऐक. माझ्याकडे शिकलेली मुलं आज बीएएमएसला आहेत, फिजिओथेरपीला आहेत, पशुवैद्यक आहेत, काही कृषीला गेली. त्यांच्यातली बरीच जण समाधानाने काम करताना मी पाहतो. नीटला किती वेळा बसायचं याला आज मर्यादा नाही, म्हणून घरचे 'अजून एकदा बघ' म्हणत राहतात. तो निर्णय घरच्यांच्या इच्छेवर किंवा शेजाऱ्यांच्या तोंडावर घेऊ नये. दोन वर्षांचे टेस्टचे मार्क समोर ठेवावेत, आणि मुलाची तब्येत त्याआधी ठेवावी. तुला यातलं काही बोलायचं असेल तर मला निरोप पाठव, मी लातूरलाच आहे.

खाडगाव_रोड

ताईला फोन लावला. ती आणि दाजी उद्या सकाळी येतायत. सर, तुम्हाला निरोप पाठवलाय.

मांजरा_काठ

खूप छान केलंस. ओपीडी सकाळचीच गाठा. आज रात्री एकटा झोपू नकोस, कुणालातरी खोलीत बोलाव.

धाराशिवची_पोर

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते. बारावी कशीबशी निभावली. नीटचा पेपर मराठीतून मागता येतो म्हणतात, तो घेऊ का?

फिजिक्सचा_मास्तर

मागता येतो. पुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं. पण भाषांतरात काही फरक निघाला तर इंग्रजीच प्रमाण धरतात, आणि अकरावी-बारावी तू इंग्रजीतून केलेली असशील तर सगळ्या संज्ञा तुझ्या डोक्यात इंग्रजीच असणार. पेपरात 'तंतुकणिका' वाचून माइटोकॉन्ड्रिया आठवायला जे दोन सेकंद जातात ते १८० मिनिटांच्या पेपरात महाग पडतात. एनसीईआरटीची बायोलॉजी रोज दोन पानं मोठ्याने वाच. दोन महिन्यांत भीती जाते, माझ्या वर्गात दरवर्षी बघतो.

सेतू_केंद्र

मी दाखले काढून देण्याचं काम करतो. एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही. राज्याच्या ८५ टक्के कोट्यातून प्रवेश घ्यायचा तर अधिवास प्रमाणपत्र लागतं. राखीव प्रवर्गातली मुलं असतील तर जातीचा दाखला तर हवाच, पण जात वैधता प्रमाणपत्र हवं, आणि त्याला महिनोन्‌महिने लागतात. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा शोधण्यातच दोन महिने जातात. निकाल लागल्यावर धावपळ करणारे पालक मी दरवर्षी रडताना पाहतो. मुलगा क्लासला गेला त्याच आठवड्यात पालकांनी हे काम सुरू करावं. नॉन क्रीमीलेयरला मात्र मुदत असते, ती संपली असेल तर ते पुन्हा काढावं लागतं. नावातला एखादा काना-मात्रा दहावीच्या सनदेशी जुळत नसेल तर आताच दुरुस्त करून घ्या.

सोयाबीनवाला

आमचा वैधतेचा अर्ज अजून टाकलेलाच नाही. माझ्या वडिलांची शाळा कासारशिरसीची, तिथला उतारा मिळेल का?

सेतू_केंद्र

मिळतो. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज करा, वडिलांचं पूर्ण नाव आणि अंदाजे प्रवेशाचं वर्ष लिहा. जुनं रजिस्टर मोडी लिपीत असेल तर लिप्यंतर करून द्यावं लागेल, तेही होतं. उताऱ्यावर जन्मतारीख आणि जातीची नोंद स्पष्ट आली आहे का ते तिथेच बघून घ्या, घरी आल्यावर नको.

सोयाबीनवाला

उद्याच जातो. येताना मांजरा_काठ ताईंनी सांगितलेली वहीबी घेऊन येतो, दोनशे पानांची.